ऐंशीपैकी एकतीस

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

रेल्वेच्या सिग्नल खात्यात तेहतीस वर्षं रोज बिघाडांची नोंदवही लिहिली. निवृत्त झालो आणि वही बंद केली, कारण नोंद करावी असा बिघाड घरात कधी होतच नव्हता. आज पुन्हा लिहायला बसलो आहे. कुमुदिनीच्या डोक्यात, डाव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ निघाली आहे.

पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. सकाळी अकराला तिचा आणि तिच्या आईचा फोन असतो. गेली कित्येक वर्षं आहे. मी समोर पेपर वाचत होतो. बोलता बोलता ती गप्प झाली, मला वाटलं पलीकडून आई बोलतेय. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. इथूनच, चेन्नईतल्या एग्मोरहून सासूबाई, अन्नपूर्णाबाई, वय वर्षं शहाऐंशी. म्हणाल्या, "जांवई, कुमुद बोलतां बोलतां उगी कां झाली? जरा बघा हो." बघितलं तर तोंड अर्धवट उघडं, डोळे माझ्याकडे आणि शब्द नाही. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण समोर बसलेल्या मला जे कळलं नाही ते पंधरा किलोमीटरवरच्या म्हातारीला कळलं, हे मला जरा लागलं.

आज डॉक्टर जयतीर्थांनी फोटो दाखवले. गाठ संथ वाढणारी आहे, पण काढावी लागेल. अडचण अशी, की ती बोलण्याच्या जागेला खेटून बसली आहे. म्हणून कवटी उघडल्यावर कुमुदिनीला जागं करणार! मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे. तिला चित्रं दाखवायची, ती नावं सांगणार, आणि डॉक्टर मेंदूच्या एकेका जागेला विजेचा हलकासा स्पर्श करणार. ज्या जागी शब्द अडला ती जागा राखायची, जिथे अडला नाही तिथून गाठ काढायची.

मला हे चटकन समजलं. जुन्या केबिनींमध्ये शंभर तारांची जुडी असायची आणि कुठली तार कुठल्या सिग्नलची हे कुणी लिहून ठेवलेलं नसायचं. मग एकेक तार सोडवून बघायची, कुठला दिवा गेला. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "अगदी बरोबर, सर. फक्त इथे काढलेली तार पुन्हा जोडता येत नाही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मोठ्या मशिनीतली तपासणी. साधा फोटो नाही, चालत्या मेंदूचा. आपण विचार करतो तेव्हा मेंदूच्या त्या भागाकडे रक्त जास्त धावतं आणि मशीन तेवढंच टिपते. आत पडद्यावर शब्द येणार, कुमुदिनीने त्यावरून मनातल्या मनात वाक्यं करायची. ओठ हलवायचे नाहीत, डोकं हलवायचं नाही. मी काचेमागे उभा राहून सगळं पाहिलं. सौम्या नावाची मुलगी आहे, वाचा आणि भाषा बघणारी. हुशार आहे, प्रश्नांना कंटाळत नाही. तिने स्क्रीनवर केशरी ठिपके दाखवले. म्हणाली, "अंकल, हे आंटींचं तमिळ."

बाहेर आल्यावर कुमुदिनीला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "फार ठणठण करतें ती मशीन. भीति वाटली. तमिळांत विचार करा म्हणाले, केला. पण मध्यें भीति वाटली कीं आईच्या बोलींतच देवाचें म्हणत होतें. तें त्यांस कळलें असेल कां?"

मी म्हटलं, "कळलं असेल. म्हणाले असतील, ही बखर कुठून आली?"

ती हसली. बखर हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. अडतीस वर्षांपूर्वी मी कराडचा, मद्रासला नवा, तिला बघायला गेलो. मराठी मुलगी इथल्या इथे मिळतेय म्हणून आईवडील खूश होते. तंजावरकडची घराणी, तीनशे वर्षांपूर्वी आलेली. मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "आपण बसावें. पाणी आणतें." मला वाटलं पडदा वर गेला आणि नाटक सुरू झालं. तेव्हापासून तिच्या मराठीला मी बखर म्हणतो. तिला सुधारायचा प्रयत्नही पुष्कळ केला. आता ती माझ्याशी एरवी निम्मं तमिळ आणि निम्मं इंग्रजीच बोलते; आजच्यासारखी घाबरली तरच बखर निघते. आमची मुलगी ऊर्मी तर बाराव्या वर्षापासून मराठी बोलायचीच बंद झाली. बंगळुरूहून फोन करते तेव्हा सगळं इंग्रजीत. हल्लीच्या मुलांना भाषेचं प्रेमच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज परीक्षा झाली. ऑपरेशनच्या आधी नेमकं किती येतं हे मोजून ठेवतात, म्हणजे टेबलावर शब्द अडला तर तो विजेमुळे अडला की मुळातच येत नव्हता, हे कळतं. ऐंशी चित्रं, प्रत्येकाला चार सेकंद. एकेका भाषेत एकेकदा. जी भाषा सत्तर टक्क्यांच्या खाली ती ऑपरेशनमध्ये तपासायला उपयोगाची नाही. ही पद्धत मला पटली.

तमिळ ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर. इंग्रजी अडुसष्ट.

मराठीची वेळ आली तेव्हा सौम्या म्हणाली, "अंकल, आमच्यात मराठी कुणालाच येत नाही. आंटींच्या माहेरचं कुणी येईल का मार्क करायला? भाऊ आहेत ना?"

माझा मेहुणा नागोजी. बँकेतून निवृत्त झाला, एग्मोरला आईबरोबर राहतो. चांगला माणूस आहे. पण त्याची मराठी म्हणजे कुमुदिनीचीच. मी म्हटलं, "भाऊ कशाला? मी इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय अकरा वर्षं सांभाळलंय." मग तिने कागद आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. नियम एकच सांगितला, घरात जो शब्द वापरतात तो बरोबर धरायचा.

आता घरात म्हणजे आमच्या घरात. आमच्या घरात कंगवा म्हणतात. ती म्हणाली, "फणी." फुली. हातपंख्याचं चित्र, म्हणाली, "विंझणा." फुली. दाराला कवाड, सदऱ्याला आंगी, चपलांना वहाणा. झोपाळ्याला ऊंजल आणि छत्रीला कुडै, म्हणजे ते तर सरळ तमिळच. अर्थ मला कळत होता, नाही असं नाही. पण तपासणीला उभं राहिल्यावर आपलं माणूस म्हणून सवलत द्यायची माझी सवय नाही. तिने काय उत्तर दिलं तेही प्रत्येक फुलीपुढे व्यवस्थित लिहून ठेवलं.

पंधरा-वीस चित्रांनंतर ती चित्राकडे कमी आणि माझ्या हाताकडे जास्त बघायला लागली. मग "तेरियादु" सुरू झालं. माहीत नाही, माहीत नाही. आरशालासुद्धा तेरियादु! मी चिडलो, पण दाखवलं नाही.

ऐंशीपैकी एकतीस. सौम्याने आकडा संगणकात घातला. म्हणाली, "मराठी वीक आहे. मग आपण तमिळ आणि इंग्रजीच घेऊ. जागं ठेवायला जेमतेम दीड तास मिळतो." मी सही केली. अडतीस वर्षं सांगत होतो, आज कागदावर आलं, असं एकदा मनात येऊन गेलं. हे लिहायला नको होतं, पण वहीत खोटं लिहायची सवय नाही.

३ मार्च, सोमवार

उद्या ऑपरेशन. दुपारी दोनला तिला वॉर्डात दाखल केलं. अर्धं डोकं भादरलंय, तरी कुंकू लावून बसली होती. अकराचा फोन आज तीनला झाला आणि तासभर चालला. काय बोलत होत्या देव जाणे. मोरूकाका, कुंभकोणमचं लग्न, कुणाच्या तरी पोळीत गूळच नव्हता. कुमुदिनी इतकी हसत होती की शेजारच्या बेडवरची बाई वळून बघत होती. माझ्याशी बोलताना ती अशी हसत नाही. तशी ती स्वभावाने अबोलच आहे.

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "एक विचारावयाचें होतें."

"विचार."

"उद्यां माझी भाषाही विचारतील नव्हें?"

मी म्हटलं, "तमिळ आणि इंग्रजी विचारतील. तुझी बखर वाचायला तिथे इतिहासकार बसवावा लागेल." आणि तिच्या हातावर थोपटलं.

ती खिडकीकडे वळली. म्हणाली, "सरि." म्हणजे ठीक आहे.

४ मार्च, मंगळवार

झालं. पाच तास बाहेर बाकावर बसून होतो. सौम्या आत होती, बाहेर येऊन तिने सगळं सांगितलं. उघड्या मेंदूवर कागदाचे बारीक नंबर ठेवतात, तांदळाच्या दाण्याएवढे. चार नंबरला स्पर्श केला तेव्हा तमिळ अडलं. कावळ्याचं चित्र समोर होतं आणि कुमुदिनी नुसती "इदु... इदु...", म्हणजे हे, हे, करत राहिली. सात नंबरलाही तमिळ. नऊ नंबरला इंग्रजी अडलं, तमिळ नाही! म्हणजे एकाच माणसाच्या दोन भाषांच्या तारा वेगवेगळ्या जागी असू शकतात. चार, सात, नऊ राखले. अकरा आणि बाराला काहीच अडलं नाही, म्हणून तिथली गाठ पूर्ण काढता आली. डॉक्टर फार खूश आहेत.

८ मार्च, शनिवार

कुमुदिनी तमिळ व्यवस्थित बोलते. नर्सशी हुज्जत घातली, कॉफी पाणचट आहे म्हणून. इंग्रजी जरा अडखळत. मला रडूच आलं. इतकं देवाने दिलं, आणखी काय पाहिजे?

११ मार्च, मंगळवार

आज नागोजी सासूबाईंना घेऊन आला. त्यांना जिना चढवत नाही, लिफ्टपाशी खुर्ची मागवावी लागली. लेकीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काय गे कुमुदे, जेवलीस कीं नाहीं?"

कुमुदिनीने तमिळमध्ये उत्तर दिलं. जेवले अम्मा, रसमभात होता.

सासूबाईंनी आणखी काही विचारलं. पुन्हा तमिळ. मग त्यांचा चेहरा कडक झाला. "आईशीं कोण तमिळांत बोलतें गे? मी कोण, दूधवाली?"

कुमुदिनीने तोंड उघडलं. ओठ हलले. मी तिच्या गळ्याची शीर ताठ झालेली बघितली. "आ" एवढंच आलं, मग काहीतरी अर्धवट, मग डोळ्यांतून पाणी. सगळं कळत होतं तिला. आई काय म्हणतेय ते शब्दन् शब्द कळत होतं. बोलता येत नव्हतं. नागोजी म्हणाला, "आई, राहूं दे. सूज असेल. होऊन जाईल." सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दोघींना तमिळ उत्तम येतं. पण एकमेकींशी त्या जन्मात कधी तमिळ बोलल्या नव्हत्या.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, सूज उतरली की कदाचित येईल, कदाचित नाही. अकरा-बारा नंबरच्या जागी तिची तिसरी भाषा असेल, सांगता येत नाही, कारण ती तपासलीच नव्हती. "बट सर, बेसलाइनला, आधीच्या परीक्षेत, ती फारच कमी होती," असं म्हणून त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली.

माझंच अक्षर. फुल्या नीट एकाखाली एक.

कागदाची झेरॉक्स मागून घेतली. घरी येताना रिक्षावाल्याला आमच्या पेरुंगुडीचं वळण सांगायचं विसरलो आणि आम्ही पुढे शोलिंगनल्लूरपर्यंत गेलो. कुमुदिनी विचारत होती, एन्ना आच्चु, काय झालं. काही नाही म्हटलं.

३० मार्च, रविवार

आज गुढीपाडवा. गुढी उभारली नाही. एकटाच एग्मोरला गेलो आणि कागद नागोजीपुढे ठेवला. का ठेवला? तो म्हणेल, भावजी, बरोबर केलंत, असं वाटत होतं की काय कोण जाणे.

त्याने चष्मा लावला. बँकेतल्या माणसासारखा एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेला. "फणी. हें तर बरोबरच आहें भावजी. विंझणा, बरोबर. आंगी, आमच्या घरीं असेंच म्हणतों. ऊंजल, आणिक काय म्हणावें?" प्रत्येक ठिकाणी मी लिहिलेलं उत्तर वाचायचा आणि माझ्याकडे बघायचा. आधी त्याला वाटलं मी काहीतरी कोडं घातलंय. मग त्याला समजलं. त्यानंतर तो मोठ्याने वाचायचा थांबला, नुसतं बोट खाली सरकत राहिलं.

सत्तावीस. एकतीस आणि सत्तावीस अठ्ठावन्न. सत्तर टक्क्यांना छप्पन्न लागतात.

"आणिक हीं बावीस?" मी विचारलं. "तिला माहीत नव्हतं म्हणाली."

नागोजीने कागदाची घडी घातली. "आरसा अक्कास ठाऊक नव्हता?" तो म्हणाला. "भावजी, तुम्हांसमोर कोण बोलेल? मीही बोलत नाहीं. तुम्ही आलांत कीं आई आंत जातें, तें कां, ठाऊक आहें?"

मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं त्या जुन्या वळणाच्या आहेत, जावयासमोर बसत नाहीत.

निघताना तो दारापर्यंत आला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्हीं मज एक फोन करायचा होता. एग्मोरहून हॉस्पिटल किती लांब आहें?"

२ एप्रिल, बुधवार

तिला सांगायला हवं. आज सांगणार होतो.

१९ एप्रिल, शनिवार

सांगितलं नाही. त्याऐवजी शिकवायला घेतलं आहे. सौम्या म्हणाली, रोज अर्धा तास करा, मेंदू नवी वाट काढतो. तेव्हा मी चित्रं छापून आणली आणि सकाळी नाश्त्यानंतर आम्ही बसतो. आधी सासूबाईंचे शब्द शिकवावेत म्हणून खटपट केली. पण माझ्या तोंडून ते येत नाहीत. विंझणा म्हटलं की मीच मला नक्कल केल्यासारखा वाटतो, आणि कुमुदिनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघते की पुढचं चित्र काढतो. नागोजीला या म्हटलं, तो दोनदा आला. आईला एकटं सोडता येत नाही म्हणून तिसऱ्यांदा नाही आला. मी आग्रह कुठल्या तोंडाने करणार?

मग माझेच शब्द. कंगवा. पंखा. दार. ती लहान मुलीसारखी म्हणते आणि मला ते बघवत नाही.

१६ जुलै, बुधवार

तीन महिने वही उघडली नाही. कुमुदिनी आता मराठीत वाक्यं बोलते. छोटी, सावकाश, पण स्वच्छ. "मला चहा हवा आहे." "आज फार उकडतंय." इथे येऊन चाळीस वर्षं झाली, अशी मराठी घरात ऐकायला मिळावी म्हणून मी जीव टाकत होतो. आता ती माझ्याशी रोज तसं बोलते आणि मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

आज तिला एग्मोरला नेलं. तिने आदल्या दिवसापासून वाक्य पाठ केलं होतं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. कुमुदिनी समोर बसली आणि म्हणाली, "आई, तुझी तब्येत कशी आहे? मला तुझी फार आठवण येते."

सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चांगलें बोलतें हो. अगदीं जांवयांच्या घरच्यासारखें." आणि तिला पाहुण्यांना देतात तशी स्टीलच्या ताटलीत बिस्किटं दिली.

अकराचा फोन आता येत नाही. कुमुदिनीने केला तर पाच मिनिटांत संपतो. औषध घेतलं का, घेतलं. पाऊस आहे का, नाही. मोरूकाकांचं पुढे काय झालं हे कुणी कुणाला विचारत नाही. मी पेपर घेऊन समोर बसतो आणि अकरा वाजून गेले की घड्याळाकडे बघायचं टाळतो. मला माझी लाज वाटते. हे कुणाला सांगायचं?

८ सप्टेंबर, सोमवार

सहा महिन्यांची परीक्षा. तीच ऐंशी चित्रं. मी सौम्याला म्हटलं, या वेळी नागोजी येईल. ती म्हणाली, "नाही अंकल, आधी ज्यांनी मार्क केलं त्यांनीच करायचं. नाहीतर तुलना धरता येत नाही." शास्त्राच्या दृष्टीने तिचं बरोबरच आहे.

कुमुदिनी बोलत गेली. कंगवा, बरोबर. हातपंखा, बरोबर. सदरा, चपला, झोपाळा, छत्री. मी खुणा करत गेलो. तिने एकदाही माझ्या हाताकडे पाहिलं नाही.

ऐंशीपैकी एकसष्ट.

सौम्याने टाळ्या वाजवल्या. तमिळ जिथल्या तिथे, इंग्रजी दोनने कमी, आणि मराठी एकतीसवरून एकसष्ट! डॉक्टर जयतीर्थ स्वतः आले. म्हणाले, ऑपरेशननंतर न तपासलेली भाषा दुपटीने सुधारली, असं फार क्वचित दिसतं. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत ही केस मांडणार, आपली परवानगी हवी. इतर डॉक्टरांनाही उपयोग होईल. दुबळी तिसरी भाषा तपासली नाही तरी नुकसान होत नाही, हे यावरून दिसतं.

परवानगीचा कागद घरी घेऊन आलो आहे. टेबलावर आहे. म्हणजे पुढे कुणा दुसऱ्या बाईला टेबलावर जागं करतील आणि तिची आईची भाषा विचारणार नाहीत, कारण माझ्या बायकोची मराठी सुधारली.

१० सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी कुमुदिनीला म्हटलं, डॉक्टरांकडे जायचंय, चल. कशाला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरातच अवसान गळालं असतं.

डॉक्टरांच्या खोलीत मी दोन्ही कागद ठेवले, फेब्रुवारीचा आणि परवाचा, आणि उभ्यानेच इंग्रजीत सांगून टाकलं. एकतीस खोटे आहेत. तिची उत्तरं बरोबर होती. तिच्या भावाने अठ्ठावन्न मोजले, आणि उरलेली बावीस तिला येत होती, ती माझ्यामुळे बोलली नाही. परवाचे एकसष्ट तिच्या भाषेचे नाहीत, माझ्या भाषेचे आहेत. तिची भाषा शून्य आहे. मी अडतीस वर्षं तिला चुकीचं ठरवत होतो आणि त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात पेन्सिल दिलीत.

सौम्याने खाली मान घातली. म्हणाली, "मी भावालाच बोलवायला हवं होतं." मी म्हटलं, तुझा काय दोष?

डॉक्टरांनी फेब्रुवारीचा कागद वरून खाली पुन्हा वाचला. मग म्हणाले, "अठ्ठावन्न असते तर मी मराठी तपासली असती. आणि अकरा-बाराला ती अडली असती, तर तेवढी गाठ आत ठेवावी लागली असती. ती पुढे वाढली असती, कदाचित पाच वर्षांत, कदाचित पंधरा. म्हणून आम्ही आधी पेशंटला विचारतो. भाषा हवी की गाठ पूर्ण जायला हवी? काही जण हे म्हणतात, काही जण ते. उत्तर आमचं नसतं."

म्हणजे मी तिचं भलंच केलं असेल, असाही एक अर्थ निघतो. खोलीतून बाहेर येईपर्यंत मी तो धरून होतो.

खाली कँटीनमध्ये दोन कॉफी घेतल्या. आतलं इंग्रजी सगळं समजलं होतं कुमुदिनीला. डबऱ्यातली, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीतली कॉफी तिने पेल्यात ओतली, पुन्हा डबऱ्यात ओतली. मग तमिळमध्ये म्हणाली की पेन्सिल तिला दिसत होती. टेबलाच्या त्या बाजूनेही फुली ती फुलीच दिसते. पहिलीपासून दिसत होती.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" मी विचारलं. "सौम्याला सांगायचंस. नागोजीला बोलाव म्हणायचंस."

तिने पेला उचलून एक घोट घेतला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिने काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो, ते मला तिथे आठवलं. मी म्हटलं, "माझं चुकलं. फार चुकलं, कुमुद." अडतीस वर्षांत हे पहिल्यांदा म्हटलं असेन.

तिने पेला खाली ठेवला. या वेळी तमिळ बोलली नाही. आम्ही सकाळी नाश्त्यानंतर बसतो तेव्हा बोलते तसं, एकेक शब्द शोधून, पुढचा हाती येईपर्यंत थांबून, माझ्याकडे बघत म्हणाली, "हे... तुम्ही... मला विचारायला हवं होतं."

वाक्यात एकही चूक नव्हती.